कुत्र्या-मांजरांना अँटिबायोटिक: पशुवैद्य औषध कसे ठरवतात?

कुत्र्याला ताप आला किंवा मांजराची जखम चिघळली, की घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी अर्धी करून पोळीतून देण्याचा मोह होतो. तसे करू नका. चुकीची गोळी आजार झाकते, कधी प्राण्याला इजा करते आणि पुढे औषध लागू न पडण्याचा धोका वाढवते.

अँटिबायोटिक लागतेच का?

हे औषध फक्त जिवाणूंवर चालते. पार्वो विषाणूमुळे होतो. त्यात मुख्य उपचार सलाईन आणि उलटी थांबवणारी औषधे हे असतात. आतड्याचे अस्तर खराब झाल्यावर जिवाणू रक्तात शिरू नयेत म्हणून सोबत अँटिबायोटिक दिले जाते. साधे जुलाब बरेचदा त्याशिवाय बरे होतात. खाजेमागे बुरशी, पिसवा किंवा ॲलर्जीही असू शकते.

औषध आणि डोस कसा ठरतो?

- वजन: डोस दर किलोमागे मोजला जातो. म्हणून आधी वजन करतात.
- प्राणी आणि वय: एन्रोफ्लॉक्सॅसिनमुळे वाढत्या पिल्लांच्या सांध्यांना इजा होऊ शकते, मांजरात जास्त डोसने दृष्टी जाऊ शकते.
- संसर्गाची जागा: त्वचा, लघवी, कान, फुप्फुस यांनुसार औषध आणि दिवस बदलतात.
- इतर माहिती: मूत्रपिंड-यकृताचे आजार, गाभणपण, आधीची औषधे.

संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर लघवी किंवा पू यांची कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी तपासणी सांगितली जाते. कोणते औषध त्या जिवाणूवर चालेल हे त्यातून कळते. अहवालाला काही दिवस लागतात.

कोर्स अर्धवट का सोडू नये?

गोचीडताप, म्हणजे एर्लिकिओसिस, यात डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस देतात. दोन-तीन दिवसांत कुत्रा खाऊ लागतो आणि घरचे गोळ्या बंद करतात. मग आजार उलटू शकतो. मांजराला ही गोळी कोरडी देऊ नका, ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. गोळीनंतर थोडे पाणी पाजा.

घरच्यांनी काय करावे?

- आधीच्या सर्व गोळ्या, इंजेक्शने पशुवैद्यांना सांगा.
- डोस, वेळ, दिवस चिठ्ठीवर लिहून घ्या.
- जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून पुन्हा औषध आणू नका.
- घरातील पॅरासिटामॉल देऊ नका; मांजरासाठी ते जीवघेणे आहे.

त्याच दिवशी दाखवा: रक्ताची उलटी किंवा जुलाब, पांढऱ्या हिरड्या, धाप, खाणे-पिणे बंद झालेले पिल्लू, औषधानंतर तोंडाला सूज.

नांदेड-लातूरमध्ये कुठे जावे?

खासगी पशुवैद्यांखेरीज शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आणि जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहेत. गुंतागुंतीच्या आजारासाठी उदगीर किंवा परभणीचे पशुवैद्यकीय व पशुविज्ञान महाविद्यालय गाठता येते. दोन्ही महाविद्यालये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहेत.

याचा आपल्याशी संबंध

अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन ही माणसांचीही औषधे आहेत. त्यांना न जुमानणारे जिवाणू प्राण्याकडून घरच्यांकडे आणि घरच्यांकडून प्राण्याकडे जाऊ शकतात. जखम साफ केल्यावर, मलमूत्र उचलल्यावर साबणाने हात धुवा, आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देऊ नका.