चैत्रातली दशमी, वैशाखातली यात्रा

टावर चौकात सकाळी सहालाच पोह्यांच्या गाड्यांवर वाफ चढते. रोज तिथे फिरायला निघालेली, दुधाला निघालेली, शाळेची मुलं सोडून परतणारी अशी माणसं असतात. वर्षातून एकदा मात्र त्यांच्यामधून डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायकांच्या रांगा जातात. लाल-हिरव्या ओढण्या, पायांत रबरी चपला, ओठांवर भजन. फ्रीगंजचा पूल ओलांडून त्या जुन्या शहरात, पटणी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडे चाललेल्या असतात. पंचक्रोशी यात्रा सुरू झाली, हे मला घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभं राहूनच कळतं.

इथल्या पंचांगात ती तिथी वैशाख कृष्ण दशमीची. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयात त्याच दिवशी चैत्र वद्य दशमी असते. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. वद्य पक्षात आमचा महिना त्यांच्या मागे राहतो. मी 1978 मध्ये नागपूरहून लग्न होऊन उज्जैनला आले, तेव्हा आजेसासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या जीजी, शेजारणींशी या तिथीवरून दरवर्षी हुज्जत घालायच्या. त्या म्हणायच्या चैत्र, शेजारणी म्हणायच्या वैशाख, आणि निघायच्या सगळ्या एकाच पहाटे.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. या यात्रेकडे मी धर्म म्हणून पाहिलंच, पण त्याहून जास्त एका नकाशासारखं पाहिलं. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात उज्जैनभोवतीच्या मुलखाला महाकालवन म्हटलं आहे. मधोमध महाकालेश्वर आणि चार दिशांना चार द्वारपाल: पूर्वेला पिंगलेश्वर, दक्षिणेला करोहनचा कायावरोहणेश्वर, पश्चिमेला अंबोदियाचा बिल्वकेश्वर, उत्तरेला जैथलचा दुर्दुरेश्वर. उज्जैनच्या चौऱ्याऐंशी महादेवांच्या गणतीत हे शेवटचे चार. यात्रा म्हणजे या चौघांच्या दारांवरून वनाची हद्द चालून येणं. शेताची हद्द दाखवायला म्हातारे नातवाला बांधाबांधाने फिरवून आणतात, तसं.

वन आता नाही. गहू, चणा आणि गेल्या पन्नासेक वर्षांत आलेलं सोयाबीन आहे. पण हद्द आहे, कारण ती दरवर्षी चालली जाते.

मराठीत आपण ‘पंचक्रोशीतील ग्रामस्थ’ असं निमंत्रणपत्रिकेवर सहज लिहितो. पाच कोसांची त्रिज्या, असा त्याचा हिशेब. कोस दोन मैलांचा धरला तर सोळा किलोमीटर. यात्रेचा सगळा फेरा 118 किलोमीटरचा आहे, म्हणजे नेमका गोल असता तर त्रिज्या एकोणीसच्या आत भरली असती. वाट काही गोल नाही, शेतांच्या आणि नद्यांच्या मर्जीने वाकते, तरी हिशेब जवळपास जमतो. दहावीच्या मुलांना मी हे गणित घालायची आणि ती चकित व्हायची.

टप्पे मला पाठ आहेत. नागचंद्रेश्वर ते पिंगलेश्वर 12, तिथून करोहन 23, करोहन ते नलवा 21, नलवा ते अंबोदिया 6, अंबोदिया ते कालियादेह 21, कालियादेह ते जैथल 7, जैथल ते उंडासा 16, आणि उंडासा ते क्षिप्रेचा घाट 12. चढ जवळपास नाहीच, माळव्याचं पठार ते. पण बेचाळीस अंशांच्या उन्हात 23 किलोमीटर चालायचे असतील तर मुक्काम कुठे असावा, हे पाणीच ठरवतं. नलवा, कालियादेह, उंडासा हे उपपडाव. ते कोणत्या शतकात कोणी ठरवले असतील ते असो, ज्याने ठरवले त्याला तहान ठाऊक होती.

मी पहिल्यांदा 1981 मध्ये जीजींबरोबर गेले. त्यांचं वय सत्तरच्या वर. गाठोड्यात दुधात भिजवलेल्या दशम्या, गुळांबा, एक लोटी, एक सतरंजी. पदराला कांदा बांधलेला, लू लागू नये म्हणून. आम्ही पहाटे तीनला निघायचो आणि दहाच्या आत सावली गाठायचो. दुपारी आंब्याखाली गोवऱ्यांचा जाळ पेटायचा, त्यावर बाट्या भाजल्या जायच्या. ज्या बायकांची नावंही आम्हाला माहीत नव्हती त्या तुपात बुडवलेली बाटी हातावर ठेवून पुढे व्हायच्या. पंढरीची वारी देवाकडे जाते. ही यात्रा देवाभोवती फिरून आपल्याच दारात येते. जीजींनी आळंदी ते पंढरपूरही केलं होतं. त्या म्हणायच्या, तिथे ओढ असते, इथे राखण.

अंबोदियाला तेव्हा गंभीर नदी मोकळी वाहायची. आता तिथे धरण आहे आणि टावर चौकातल्या माझ्या नळाला येणारं पाणी त्याचंच.

कालियादेहला आम्ही दुपारभर थांबलो. क्षिप्रा तिथे दोन फाट्यांत विभागते आणि मधल्या बेटावर माळव्याच्या सुलतानांनी 15 व्या शतकात बांधलेला महाल उभा आहे. पाणी दगडी चरांतून वळवून कुंडांत सोडलं आहे. लोक त्यांना बावन कुंड म्हणतात. मी एका चराच्या काठावर पाय सोडून बसले होते. चर हातभर रुंद, तळाचा दगड शेवाळाने मऊ झालेला, आणि पाणी एका कुंडातून दुसऱ्यात पडताना अगदी खालच्या सुरात बोलत होतं. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते आणि माझे घोटे थंड पडले होते. पाचशे वर्षांपूर्वी कोणीतरी पाण्याला इतकं हळू चालायला शिकवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. 1617 मध्ये जहांगीर बादशहाचा तळ इथे पडला होता. उज्जैनच्या जदरूप गोसाव्याला भेटायला तो इथून नावेने निघाला आणि शेवटचं थोडं अंतर पायी चालून गेला, हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. पुढे पेंढाऱ्यांनी महालाची नासधूस केली आणि 1920 मध्ये माधवराव शिंद्यांनी तो दुरुस्त केला. आमचं फ्रीगंज, कागदावरचं माधवनगर, ते त्यांच्याच नावाचं.

मराठ्यांचं या वनाशी नातं त्याहून जुनं. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी 18 व्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी हरसिद्धीच्या दीपमाळा आणि बायजाबाईंचं गोपाळ मंदिर मागे राहिलं, आणि आमच्यासारखी घरंही राहिली. विष्णू श्रीधर वाकणकर याच शहरात राहिले. भीमबेटकेची चित्रं त्यांनी 1957 मध्ये जगापुढे आणली आणि इथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कायथ्यात चार हजार वर्षांहून जुनी वस्ती खणून काढली. त्यांच्यामुळे आमच्या पिढीच्या शिक्षकांना नांगरलेल्या शेतात खाली मान घालून चालायची सवय लागली. यात्रेत मीही खापऱ्या न्याहाळत चालायची आणि जीजी ओरडायच्या, “खाली काय बघतेस, शिखर बघ!”

महाकालवनात सात सागरही आहेत. रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर, पुरुषोत्तमसागर. यातला रत्नाकर म्हणजे यात्रेच्या वाटेवरचा उंडासा तलाव. बाकीचे शहराच्या पोटात. अधिक मासात बायका सातही फिरतात आणि प्रत्येकाला वेगळं वाण देतात: रुद्रसागराला मीठ, क्षीरसागराला दूध, पुरुषोत्तमसागराला चाळणीतून मालपुवे. आपल्याकडे अधिकात जावयाला जाळीदार अनारसे देतात, तेच जाळीचं दान इथे तलावाला. पण ज्यांना वाण द्यायचं ते तलाव नीट राखले नाहीत, हे सांगताना मला वाईट वाटतं. कुठे जलपर्णी, कुठे काठ खात चाललेली बांधकामं. रुद्रसागराच्या काठी ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल लोक हा देवळाचा नवा परिसर उघडला, तेव्हापासून तिथे माणसांचा पूर आहे. तेवढीच माणसं एकदा विष्णुसागराच्या काठी उभी राहावीत असं मला मनापासून वाटतं. क्षिप्रेतही उन्हाळ्यात जे पाणी दिसतं त्यात 2014 पासून नर्मदेचं पाणी मिसळलेलं असतं.

निवृत्तीनंतर मी यात्रा पुन्हा केली, एकटीने. आता बरीच वाट डांबरी आहे. पडावांवर तंबू, पाण्याचे टँकर, पायांना मलम लावणारे स्वयंसेवक. ही सोय हवीच, म्हाताऱ्या बायका अनवाणी चालतात. पण डांबर रात्री दहापर्यंत निवत नाही. मातीची वाट संध्याकाळी पाचलाच निवायची.

उंडाशाला शेवटची रात्र. तलाव निम्मा आटलेला, काठावर टिटव्या, आणि हजारो माणसं उघड्यावर झोपलेली. पहाटे उठून क्षिप्रेवर स्नान आणि मग पुन्हा पटणी बाजार. निघताना नागचंद्रेश्वराला नारळ वाहून त्याच्याकडून बळ मागून घ्यायचं असतं. परतल्यावर ते परत करायचं, मातीच्या घोड्याच्या रूपाने. जीजींनी 1981 मध्ये घेतलेला घोडा वीतभरही नव्हता. विटकरी रंग, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके, एक कान कुंभाराच्या बोटाने थोडा जास्तच दाबलेला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, गर्दीतून पुढे जाऊन ढिगावर अलगद ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “झालं. आता रिक्षा बघ, मला एक पाऊल टाकवत नाही.”