परळचं यीस्ट आणि मिठाचं जनुक

यीस्टमध्ये 'हॅल-२' नावाचं एक जनुक आहे. ते जास्त प्रमाणात असेल तर यीस्ट जास्त मीठ सोसतं. माझी पीएचडी त्याच्याभोवती फिरते. पण हे जनुक समजून घ्यायचं तर आधी परळला जाऊ या. तिथे यीस्टनेच एकदा मोठा प्रश्न सोडवला होता, आणि तो ज्या युक्तीने सुटला तीच युक्ती पुढे मिठाच्या बाबतीतही उपयोगी पडली.

केईएमच्या रस्त्यालाच, आचार्य दोंदे मार्गावर, हाफकिन संस्था आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना एक विचित्र अ‍ॅनिमिया होत होता. गिरणीत काम करणाऱ्यांमध्ये तो विशेष दिसे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. कित्येक बाळंतिणी त्यात दगावत.

जंतूंचा संसर्ग आहे का, हे विल्स यांनी तपासलं. मग त्या या बायकांच्या ताटाकडे वळल्या. भाजीपाला, फळं, दूध फारच थोडं. तसाच निकस आहार त्यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना दिला आणि मग त्यात एकेक पदार्थ घालून पाहिला. गुण आला तो यीस्टच्या अर्काने, म्हणजे 'मार्माइट'ने. बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून बनणारा हा स्वस्त, काळपट, खारट लगदा. तो दिल्यावर आजारी बायकांचं रक्तही सुधारलं. १९३१ मध्ये विल्स यांनी हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापलं.

गंमत बघा, त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लोक त्याला नुसतं 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा काढला गेला, त्याचं नाव फॉलिक अ‍ॅसिड. १९४५ मध्ये ते अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार करता आलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. विल्स यांच्या यीस्टमधला गुण याच पदार्थाचा होता.

आता विल्स यांची युक्ती लक्षात ठेवा: काय कमी पडतंय हे कळत नसेल तर ते बाहेरून देऊन बघा.

१९९३ मध्ये रामोन सेरानो यांच्या गटाने आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी हॅल-२ शोधलं. पाहतात तर काय, हे जनुक आधीच दुसऱ्या नावाने माहीत होतं: मेथिओनिन हे अमिनो आम्ल बनवायला लागणारं जनुक म्हणून. मग त्यांनी खारट पाण्यातल्या यीस्टला मेथिओनिन बाहेरून दिलं. यीस्ट जास्त चांगलं वाढलं!

कारण १९९५ मध्ये उलगडलं. पेशी सल्फेटपासून मेथिओनिन बनवते तेव्हा वाटेत थोडा कचरा तयार होतो. हॅल-२ जनुकापासून बनणारं एन्झाइम म्हणजे तो कचरा उचलणारा कामगार. मिठातलं सोडियम पेशीत शिरलं की हाच कामगार काम थांबवतो. कचरा साठतो आणि मेथिओनिनचं काम अडतं. म्हणजे मीठ पेशीला फक्त सुकवत नाही, तर आतल्या एका नेमक्या कामगारावर घाव घालतं. जनुकाच्या जास्त प्रती असल्या तर कामगार वाढतात आणि पेशी तग धरते.

आणखी एक धागा आहे. मेथिओनिन बनण्याच्या शेवटच्या पायरीत फोलेट कामी येतं, यीस्टमध्येही आणि आपल्यातही. विल्स यांचा पदार्थ आणि माझं जनुक एकाच वाटेवर आहेत.

"यीस्टवर काम करून माणसांना काय मिळणार?" असं तुम्हाला वाटत असेल, तर गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आठवा. तिच्या इतिहासातला एक मोठा टप्पा परळमध्ये घडला. ज्या बायकांच्या रक्तावरून तो घडला, त्यांची नावं मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

हॅल-२ सारखी जनुकं वनस्पतींमध्येही आहेत. खारावलेल्या जमिनीत पीक कसं तगेल, या प्रश्नाशी त्यांचं काय नातं आहे ते पुढच्या लेखात बघू.