एक खोली गरम ठेवायची, तर आग कुठे असावी?

डिसेंबर उजाडला की इगतपुरीत हा प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, घरात आजी आहेत, तान्हं बाळ आहे. एकाच खोलीत हीटर लावू, की सगळं घर गरम ठेवू?"

खर्चाचं गणित सोपं आहे. 2000 वॉटचा हीटर सलग तासभर चालला, तर 2 युनिट वीज जाते. रात्रीचे 6 तास म्हणजे 12 युनिट. तीन खोल्यांत तीन हीटर लावले, तर 36 युनिट. युनिटला 10 रुपये धरा: एका रात्रीचे 120 रुपये की 360? अर्थात एकच खोली बरी. पण ही ऊब विजेच्या हीटरऐवजी निखाऱ्यांची असेल, तर पैशांआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो: आग नेमकी कुठे आहे?

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक स्नानगृहाच्या जमिनीखाली पोकळी ठेवत आणि बाजूच्या भट्टीतली गरम हवा तिच्यातून खेळवत. आग एकीकडे, माणसं दुसरीकडे. पण त्याला लाकूड अफाट लागे, त्यामुळे ते श्रीमंतांचं आणि सार्वजनिक स्नानगृहांचं काम. साध्या घरात निखाऱ्यांचं भांडंच असे. एकोणिसाव्या शतकात युरोपात वाफेच्या आणि गरम पाण्याच्या नळांनी इमारती गरम होऊ लागल्या. त्याच वाफेच्या जोरावर 1865 मध्ये रेल्वे कसारा घाट चढून इगतपुरीला आली. गरम पाण्याचे नळ मात्र आपल्या घरांत आले नाहीत. आपली थंडी थोड्या आठवड्यांची, तीही मुख्यतः रात्रीची. तेवढ्यासाठी तो खर्च कोण करणार?

आपल्याकडे खोली गरम करण्यापेक्षा माणूस गरम ठेवण्याची रीत होती. घोंगडी, गोधडी, चुलीजवळचं अंथरूण. अपवाद एकच, बाळंतिणीची खोली. दार लावून, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-बाळंतशेपांची धुरी. पावसाळ्यात त्याच निखाऱ्यांवर दुरडी पालथी घालून बाळाचे लंगोट वाळवत.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी 1857 च्या सुमारास दाखवलं. पुढे 1890 च्या दशकात ब्रिटनचे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले. हिमोग्लोबिनला त्याची ओढ ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त असते.

"पण आमच्या आजीने हेच केलं, तिला काही झालं नाही!" असं तुम्ही म्हणाल. आजीचं घर आठवा. वर कौलं, कुडाच्या भिंती, दारांना फटी. धुराने डोळे आणि छाती बिघडत होतीच, पण हा वायू बराचसा बाहेर जाई. आता वर स्लॅब आहे आणि खिडक्या घट्ट सरकत्या काचांच्या. शेगडी तीच राहिली, घर बदललं.

म्हणून बंद खोलीत शेगडी, कोळसा, घमेल्यातली शेकोटी कधीही नको. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणजे धोका टळला, असं समजू नका. बाथरूममधल्या गॅस गीझरलाही हाच नियम. तो बाहेर बसवा. सुरुवातीला डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी येते. घरातल्या दोघा-तिघांना एकदम असं झालं, तर ते सर्दी-तापावर ढकलू नका. सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी 98 दाखवू शकतं. त्यावर विसंबू नका.

विजेचा हीटर हा वायू सोडत नाही. फक्त तो अंथरुणापासून आणि पडद्यांपासून निदान तीन फूट दूर ठेवा, त्यावर कपडे वाळत घालू नका, आणि झोपण्यापूर्वी तासभर लावून बंद करा. मग लागतील फक्त 2 युनिट, 20 रुपये. उरलेल्या रात्रीसाठी मोठ्यांना गोधडी आणि पायमोजे आहेतच. तान्ह्या बाळाला मात्र जड गोधडीत गुंडाळू नका. कपड्यांचा एखादा थर जास्त घाला.