पेशवाईंतील तीन कुमार

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून मुलांच्या हातीं इतिहास दिला जातो तो बहुधा थोर पुरुषांच्या गोष्टींच्या रूपानें. या परिपाठांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्या गोष्टी सांगतांना त्या पुरुषांचें वय आपण सहसा सांगत नाहीं. सांगितलेंच तर तें समोरच्या मुलास टोंचण्यासाठीं. "तुझ्याएवढे असतांना माधवरावांनीं राज्य चालविलें," हें वाक्य ज्याच्या कानांवर कधींच पडलें नाहीं असा मराठी विद्यार्थी विरळा. या वाक्यांतील गौरव खरा आहे. पण पेशव्यांच्या घरांत वयानें कोंवळे असे आणखी दोन धनी एकामागून एक होऊन गेले, आणि त्यांची गोष्ट असा टोमणा मारतांना कोणी काढीत नाहीं.

थोरले माधवराव, त्यांचे धाकटे बंधु नारायणराव आणि नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांची कारकीर्द १७६१ ते १७९५ या काळांतली. पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं तेव्हां पहिल्याचें वय १६ वर्षें, दुसऱ्याचें १७ वर्षें आणि तिसऱ्याचें अवघे ४० दिवस. तिघांपैकीं एकानेंहि वयाचीं २८ वर्षें पुरीं केलीं नाहींत. या तिघांच्या हकीकती शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या, तर शौर्याच्या आठवणींपेक्षां एक वेगळाच बोध हातीं लागतो, असें आम्हांस वाटतें.

'थोरले माधवराव' हें नांवच पहा. नातवंडांच्या पिढीला दोन माधवराव वेगळे ओळखतां यावेत म्हणून हें विशेषण लागलें. पण त्यामुळें ऐकणाऱ्याच्या मनांत एक वडीलधारी मूर्ति उभी राहते. वास्तविक त्यांचा जन्म १७४५ चा. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर वडील बंधु विश्वासराव व चुलते सदाशिवरावभाऊ पडले, आणि त्याच वर्षीं २३ जूनला वडील नानासाहेब पर्वतीवर वारले. घरांतील कर्तीं माणसें अशीं सहा महिन्यांच्या आंत गेल्यावर कर्जानें वांकलेलें आणि शत्रूंनीं टपून पाहिलेलें राज्य या मुलाच्या पदरांत पडलें. शेजारीं चुलते रघुनाथराव होते; त्यांना कारभार आपल्याच हातीं हवा होता. पुतण्या जाणता होऊं लागला तसा तंटा वाढला आणि १७६२ च्या नोव्हेंबरांत काका-पुतण्यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. माधवरावांची बाजू पडती झाली. त्या वेळीं त्यांनीं जें केलें तें आमच्या मतें त्यांच्या कोणत्याहि विजयाहून अधिक मननीय आहे. राज्य दुभंगूं नये म्हणून ते आपण होऊन चुलत्यांच्या छावणींत गेले व त्यांच्या स्वाधीन झाले. पुढल्याच वर्षीं, १० ऑगस्ट १७६३ रोजीं, गोदाकांठीं राक्षसभुवनास निजामाच्या फौजेचा मोड झाला. त्या लढाईंत माधवरावांची धडाडी साऱ्यांच्या डोळ्यांत भरली. तेव्हां वय १८. तेथून पुढें कारभाराचीं सूत्रें त्यांच्या हातीं येत गेलीं.

अर्थात् माधवराव जन्मतःच पोक्त होते म्हणून टिकले, असें नव्हे. ते एकदां पुरते हरले, मान खालीं घालून बसले, आणि पुन्हां उठण्यास त्यांना अवकाश मिळाला. शिवाय त्यांना बोलणारें कोणी होतें. पेशवे जपजाप्यांत गढून राजकाजाकडे दुर्लक्ष करूं लागले, तेव्हां रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्यांची तोंडावर कानउघाडणी केली, ही गोष्ट परंपरेनें सांगत आले आहेत. तरुण धन्याला स्पष्ट बोलावें, आणि बोलून झाल्यावर निर्णय मात्र त्याचा त्याला करूं द्यावा, असा माणूस जवळ असणें हें त्या मुलाचें मोठें भाग्य होतें.

तें भाग्य नारायणरावांच्या वांट्याला आलें नाहीं. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं माधवराव थेऊर येथें क्षयानें वारले. मरणापूर्वीं त्यांनीं धाकट्या भावाला चुलत्यांच्या हवालीं केलें, असें सांगतात. नारायणराव उतावळे व तापट होते, असें जुने लेखक लिहितात. तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. पण सतराव्या वर्षीं उतावळा नसलेला मुलगा किती घरांत सांपडेल? माधवरावांना पडण्या-उठण्यासाठीं दोन वर्षें मिळालीं; नारायणरावांना एकंदर नऊ महिनेहि मिळाले नाहींत. त्यांनीं चुलत्यांस नजरकैदेंत ठेविलें, जुन्या माणसांचीं मनें दुखविलीं, आणि आपल्याभोवतीं काय शिजत आहे याची त्यांना वेळींच दाद लागली नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं थकलेल्या पगाराचें निमित्त करून गारदी शनिवारवाड्यांत शिरले, आणि जीव वांचविण्यासाठीं चुलत्यांकडे धांवलेल्या त्या अठरा वर्षांच्या पेशव्याचा त्यांनीं वध केला.

लोककथेनें या मुलाची एक हांक केली : 'काका, मला वांचवा!' दुसऱ्या कथेनें आनंदीबाईंच्या हातीं लेखणी देऊन 'ध' चा 'मा' करविला. बाईंनीं तें अक्षर बदलल्याचा विश्वसनीय पुरावा नाहीं. तरीहि ती कथा टिकली, कारण ती सोयीची आहे. साऱ्या घराचें पाप एका अक्षरावर लोटलें कीं इतरांना हात धुवून मोकळें होतां येतें. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकांत आणि प्रभातच्या १९४४ च्या 'रामशास्त्री' बोलपटांत प्रेक्षकांचें मन वेधून घेतात ते निःस्पृह न्यायाधीश, आणि तें योग्यहि आहे. सत्ताधीशालाच दोषी ठरवून पुणें सोडणारा पुरुष आदरास पात्रच आहे. पण ज्याच्यासाठीं तो न्याय मागितला गेला, तो मुलगा कोण होता, हें मात्र आमच्या कल्पनेंत कधीं नीट उतरलें नाहीं.

नारायणरावांच्या मृत्यूनंतर १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर त्यांना मुलगा झाला, आणि बारभाईंनीं त्या तान्ह्याच्या नांवानें राज्य राखलें. १७७९ च्या जानेवारींत वडगांवास इंग्रजांनीं हार खाऊन करार केला, तेव्हां ज्याच्या नांवानें ही लढाई चालली होती तो पांच वर्षांचाहि नव्हता. नाना फडणिसांनीं हें मूल जिवापाड जपलें, यांत शंका नाहीं. बापाचा खून ज्या वाड्यांत झाला त्याच वाड्यांत मुलाला वाढवावयाचें, तेव्हां पहारा कडक असणारच. पण मूल वाढलें तरी पहारा उठला नाहीं. जेम्स वेल्स या चित्रकारानें पुण्यास काढलेल्या चित्रांत हा तरुण पेशवा दिसतो, तेथेंहि नाना जवळ आहेतच. पर्वतीच्या पायथ्याशीं त्याचा शिकारखाना होता. पशुपक्ष्यांचा त्याला नाद होता. १७९५ च्या मार्चांत खर्ड्याच्या स्वारींत तो हजर होता आणि विजयहि त्याच्याच नांवावर मांडला गेला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून तो खालीं पडला आणि दोन दिवसांनीं, २७ ऑक्टोबरला, वारला. वय २१. तो तापाच्या भरांत तोल जाऊन पडला कीं त्यानें जीव दिला, याविषयीं इतिहासकारांत एकमत नाहीं. मात्र शेवटच्या काळांत चुलत घराण्यांतील बाजीरावाशीं त्याचा गुप्त पत्रव्यवहार उघडकीस येऊन नानांचा रोष झाला होता, हें प्रसिद्ध आहे. एकवीस वर्षांच्या राज्याच्या धन्याला भाऊबंदास पत्र चोरून लिहावें लागलें, एवढी एकच गोष्ट त्याची स्थिति समजण्यास पुरेशी आहे.

ललित लेखकांनीं या घराण्याकडे वारंवार पाहिलें आहे. पानिपतानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १८६१ सालीं, विनायक जनार्दन कीर्तने यांनीं 'थोरले माधवराव पेशवे' हें नाटक लिहिलें. कीर्तने स्वतः त्या वेळीं विशीच्या आसपासचे होते. खाडिलकरांनीं 'सवाई माधवरावांचा मृत्यु' लिहितांना शेक्सपियरच्या हॅम्लेटची छाया त्या तरुणावर पाडली. आणि १९६२ सालीं रणजित देसाई यांच्या 'स्वामी' कादंबरीनें माधवराव व रमाबाई यांना घरोघरीं पोंचविलें. यांतून एक क्रम सहज दिसतो. कर्तबगार मुलाची कादंबरी झाली, कोंडलेल्या मुलाचें नाटक झालें, आणि चुकणाऱ्या मुलाची केवळ भुताची गोष्ट झाली. चुकणाऱ्या मुलास सहानुभूति देण्याइतकें आमचें मन मोठें नाहीं, असा याचा अर्थ आम्ही घेतों.

तिघांच्या नशिबांतील भेद आमच्या मतें थोडक्यांत असा. माधवरावांवर भार पडला आणि त्याबरोबर निर्णयाचा अधिकारहि आला. नारायणरावांवर भार पडला, पण त्यांना सांवरणारें कोणी भेटलें नाहीं. सवाई माधवरावांना सांवरणारे पुष्कळ होते, पण त्यांनीं अधिकार कधींच दिला नाहीं. रक्त एक, वाडा एक, वयहि जवळ जवळ एक. राज्याचीं कर्जें, सरदारांची चढाओढ हीं कारणें होतींच. तीं आम्ही नाकारीत नाहीं. पण मुलाचा पुरुष होणें हें केवळ त्याच्या अंगच्या तेजावर अवलंबून नसतें, एवढें या तीन चरित्रांवरून निश्चित दिसतें.

रामशास्त्र्यांची स्वतःची हकीकत येथें आठवण्यासारखी आहे. माहुलीचा हा मुलगा विशीच्या सुमारापर्यंत जवळ जवळ निरक्षर होता. साताऱ्यास एका सावकाराच्या घरीं चाकरी करीत असतां त्याला आपल्या अज्ञानाची लाज वाटली आणि तो काशीस जाऊन शिकला, असें सांगतात. उशीर झाला म्हणून त्याला कोणी टाकाऊ ठरविलें नाहीं. पेशव्यांच्या मुलांना जें मिळालें नाहीं तें या गरिबाच्या मुलाला मिळालें : वेळ. आणि पुढें पेशव्यांना खरें सांगण्याचें धैर्य याच माणसाच्या अंगीं दिसलें.

तेव्हां माधवरावांची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. परंतु ती पुरी सांगावी. सोळाव्या वर्षीं ते पेशवे झाले हें सांगतांना सतराव्या वर्षीं ते हरले हेंहि सांगावें. नारायणरावांची व सवाई माधवरावांची गोष्ट मात्र मुलांइतकीच आईबापांनीं वाचावी. ज्या घरांत मुलाला चुकण्यास जागा नाहीं, किंवा चुकेल या धास्तीनें ज्याला कांहींच करूं दिलें जात नाहीं, त्या घरानें माधवरावांचें नांव घेऊन मुलाला टोंचूं नये.