वऱ्हाड : आपल्या अंगणातला एक देश



आग्र्याचा ताजमहाल कोणी बांधला, असे विचारले तर आपल्या शाळेतला सहावीचा मुलगाही चटकन उत्तर देतो. पण गाविलगडाच्या दरवाजावर कोणता पक्षी कोरला आहे, असे विचारून पाहा. मुलगा तर गप्प बसेलच, बहुधा वडीलही बसतील. यात दोष त्यांचा नाही. आपण ज्या मातीत कापूस पिकवतो तो मुलूख एकेकाळी स्वतंत्र राज्य होता, त्याला स्वतःची राजधानी होती, सुलतान होते, हे आपल्याला कोणी नीट सांगितलेच नाही. बोरी अरबच्या वाचकांपुढे आज तीच गोष्ट मांडावयाची आहे.

वऱ्हाड म्हणजे आजचे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि 1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम हे जिल्हे. जुने वऱ्हाड याहून मोठे होते. माहूर आणि गोदावरीकाठचे पाथरीसुद्धा त्यात मोडे. बहामनी सुलतानांच्या काळात हा त्यांच्या राज्याचा एक सुभा होता. बहामनी सत्ता खिळखिळी झाली तेव्हा येथील सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने 1490 साली आपले राज्य स्थापिले. हीच एलिचपूरची, म्हणजे आजच्या अचलपूरची इमादशाही. दख्खनच्या पाच शाह्यांपैकी ही एक. पण आदिलशाही, कुतुबशाहीच्या झगमगाटात ती झाकली गेली. पाठ्यपुस्तकात तिच्या वाट्याला एखादी ओळ येते, फार तर दोन.

हा फतहुल्ला कोण होता? इतिहासकार फिरिश्ता सांगतो की तो कर्नाटकातील एका ब्राह्मण कुटुंबात जन्मलेला मुलगा. विजयनगरच्या स्वारीत तो लहानपणी कैद झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला, मुसलमान झाला आणि कर्तबगारीच्या बळावर त्याच सुभ्याचा मालक झाला. एका पोरक्या कैद्याने राज्य उभारावे, ही घटना कादंबरीत वाचली असती तर आपण म्हटले असते की लेखकाने जरा अतीच केले!

त्याच्या हाताची निशाणी आजही उभी आहे. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड अहमदशाह वली बहामनी याने 1425-26 च्या सुमारास बांधला आणि फतहुल्लाने त्याची डागडुजी केली. गडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे. हा दोन मस्तकांचा पक्षी, आणि त्याने हत्ती पकडलेले आहेत. हे चिन्ह दक्षिणेकडचे, कर्नाटकातले. पुढे विजयनगरच्या नाण्यांवरही ते आले. आपल्या मूळ देशाच्या आठवणीने त्याने ते येथे आणले असावे, असे अभ्यासक मानतात. मलाही ते पटते. माणूस नाव बदलतो, धर्म बदलतो, पण लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले पुसून टाकणे त्याला जमत नाही.

आता पाथरीची हकीकत ऐका. इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही या दोन्ही मुसलमान सुलतानांच्या राजवटी. त्यांच्यात वैर पेटले ते कशावरून? तर एका कुलकर्णी वतनाच्या गावावरून! निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असे फिरिश्ता लिहितो. वडिलार्जित गाव आपल्या ताब्यात असावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाच्या दरबाराने इमादशहाला कळविले की पाथरी आम्हास द्या, बदल्यात दुसरा परगणा घ्या. अलाउद्दीन इमादशहाने नकार दिला आणि तेथे किल्ला बांधावयास घेतला. 1518 साली अहमदनगरच्या फौजेने अचानक चाल करून पाथरी घेतली. पुढे कित्येक वर्षे ते गाव इकडून तिकडे, तिकडून इकडे होत राहिले. शिवारातल्या बांधावरून भावाभावांत चालणारे तंटे आपण पाहतोच. हा त्याच जातीचा तंटा, फक्त हातात तोफा होत्या. सुलतानांच्या लढाया म्हणजे धर्माधर्माच्या लढाया असे जे सरसकट सांगितले जाते, ते ऐकताना पाथरी आठवावी.

इमादशाहीचा शेवट मात्र घरच्याच माणसाने केला. बुऱ्हाण इमादशहा लहान होता. त्याचा कारभारी तुफालखान याने त्याला नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडले आणि स्वतः राज्य करू लागला. या निमित्ताने मुर्तजा निजामशहा चालून आला, 1574 साली नरनाळा पडला आणि वऱ्हाड अहमदनगरला जोडले गेले. कोंडलेला राजा आणि कोंडणारा कारभारी, दोघेही कैदेतच मेले. पुढे 1596 साली चांदबिबीला वऱ्हाड अकबराला द्यावे लागले.

अकबराच्या दरबारी अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाडचे वर्णन केले आहे. त्यात आपल्या यवतमाळजवळचे कळंब एका सरकारचे ठाणे म्हणून येते आणि खुद्द यवतमाळ 'योत-लोहारा' या परगण्याच्या नावात दिसते. दारव्ह्याकडून यवतमाळला जाताना वाटेत जे लोहारा लागते, तेच हे! लोणारच्या खाऱ्या सरोवराचीही त्याने नोंद घेतली आहे.

मोगलांमागून निजाम आले, नागपूरकर भोसले आले. 15 डिसेंबर 1803 रोजी वेलस्लीच्या इंग्रज फौजेने गाविलगड भोसल्यांकडून घेतला. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले आणि 1902 साली ते सालीना 25 लाख रुपयांवर कायमचे पट्ट्याने गेले. मुलूख गेला, पण नाव उरले. 1936 पासून निजामाच्या थोरल्या शहाजाद्याला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत आणि त्याची बेगम दुर्रू शेहवार, जी तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची कन्या, ती आपल्या वऱ्हाडची राजकन्या म्हणून जगभर ओळखली गेली. इकडे कापूस वाहून नेण्यासाठी 1903 साली यवतमाळ-मुर्तिजापूर ही छोटी रेल्वे सुरू झाली. आपल्या वडीलधाऱ्यांची लाडकी 'शकुंतला' ती हीच. आता ती धावत नाही.

संस्कृतीविषयी लिहावयाचे तर एक वेगळा लेख लागेल. एवढेच सांगतो की मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात याच वऱ्हाडातील रिद्धपूर येथे लिहिला गेला. आणि आपण आज मराठीत तहसील, जमाबंदी, वसूल, कायदा म्हणतो, ते शब्द फारशी दरबारातून आले. मंगरूळपीरला हयात कलंदर आणि आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यांवर सर्व धर्मांचे लोक येतात, हे आपण जाणताच.

पालकांनी सुट्टीत मुलांना कोठे न्यावे? जवळचे म्हणजे कारंजा. या जुन्या व्यापारी शहराला चार वेशी आहेत: दिल्ली, पोहा, मंगरूळ आणि आपली दारव्हा वेस. अचलपूरला हौज कटोरा पाहावा. पाण्याच्या हौदात उभा अष्टकोनी मनोरा आहे. बाळापूरला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे. बुलडाणा जिल्ह्यातील रोहिणखेडची मशीद 1582 सालची. एवढ्या दूर जाणे होत नसेल तर निदान नरनाळा चुकवू नये. अकोटच्या पुढे शहानूर गावातून वर चढावयाचे. हा अभयारण्याचा भाग असल्याने वनखात्याची परवानगी घ्यावी. तेथील महाकाली दरवाजा 1487 सालचा, फतहुल्ला सुभेदार असतानाचा. त्यावर अरबी लेख आहेत आणि त्यांच्या जोडीला कमळे कोरली आहेत. या लेखांखाली आपली नावे खडूने आणि खिळ्याने लिहून जाणारे महाभागही पुष्कळ!

ज्या मुलांना अरबी अक्षरे ओळखता येतात, त्यांना त्या दरवाजापुढे थोडा वेळ उभे करा. अक्षरे वळणदार आहेत, एकात एक गुंफलेली. लगेच लागणार नाहीत. घाई करू नका, त्यांना स्वतः लावू द्या.