सरकत्या सुरांचा विश्वसंचार

रविवारच्या मिस्सात गिटारीच्या साथीने गीते गाइली जातात, हे दृश्य आता आपणांस नवे नाही. तरीही, हे वाद्य आपले की परके, अशी चर्चा अधूनमधून आमच्या कानी पडतेच. या प्रश्नाचे उत्तर वादात शोधण्यापेक्षा त्या वाद्याच्या एका शाखेच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते. ही शाखा म्हणजे हवाईयन गिटार. तीत तारा बोटांनी दाबायच्या नसतात. त्यांवरून पोलादी कांडी सरकवीत स्वर काढायचे असतात.

हवाई बेटांवर गिटार पोहोचली ती एकोणिसाव्या शतकात, मेक्सिकोहून आलेल्या गुराख्यांबरोबर. त्याच शतकाच्या अखेरीस लाइए गावच्या जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने तारांवर धातूचा तुकडा सरकवून वादनाची नवी रीत बसविली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 1904 मध्ये त्याने बेटे सोडली. अमेरिका व पुढे युरोप येथे कार्यक्रम करीत अखेर 1932 मध्ये, मायभूमीपासून दूर न्यू जर्सीत, त्याने देह ठेवला.

त्याच लाइए गावात वाढलेल्या ताऊ मो यांचा प्रवास तर याहूनही लांबचा. 1908 साली सामोआ बेटांवर जन्मलेला हा वादक 1928 मध्ये एका मंडळीबरोबर आशियाच्या दौऱ्यावर निघाला. रोझ ही गायिका त्यांची सहधर्मचारिणी. 1929 मध्ये टोकियोत त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पुढे मुलगा व मुलगी हीही रंगमंचावर उभी राहिली आणि कुटुंब हीच मंडळी झाली. दुसऱ्या महायुद्धाची वर्षे त्यांनी कलकत्त्यात काढली. त्या शहरात हे वाद्य रुजले, त्यात अशा फिरत्या कलावंतांचा वाटा मोठा आहे. अर्धशतकाहून अधिक काळ देशोदेशी हिंडून हे दांपत्य वृद्धपणी घरी परतले. ज्यांच्यासाठी वाजविले ते श्रोते पांगले होते. जुन्या तबकड्या संग्राहकांपाशी उरल्या होत्या.

अशात अमेरिकन गिटारवादक बॉब ब्रोझमन यांच्याकडे ध्वनिमुद्रिकेची मागणी करणारे एक पत्र आले. खाली नाव होते ताऊ मो! 1929 च्या तबकड्यांतून ज्यांना ते ओळखत होते, तेच हे गृहस्थ. मग तरुण वादकाने वृद्धांच्या सोबतीला बसून ती तारुण्यातील गीते पुन्हा मुद्रित केली. 1989 मध्ये ती प्रसिद्ध झाली.

भारतात या वाद्याचे भाग्य उजळले ते मींडीमुळे. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे हा आपल्या रागसंगीताचा प्राण. सरकत्या कांडीला ते सहज साधते. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजविले. जयपूरचे पं. विश्वमोहन भट्ट, रविशंकरांचे शिष्य, यांनी तरफेच्या तारा जोडून तिला मोहनवीणेचे रूप दिले.

सप्टेंबर 1992 मध्ये भट्ट कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे होते. फ्रान्सिस्कन संघाच्या, तोवर बंद झालेल्या, संत अंतोनी सेमिनरीचे प्रार्थनामंदिर ध्वनिमुद्रणासाठी निवडले होते. समोर होते अमेरिकन वादक राय कूडर. दोघांची ओळख होऊन तासही झाला नव्हता. ठरीव स्वरलिपी नाही, तालीम नाही. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, तर एका अरबी तालवाद्यावर कूडर यांचा चौदा वर्षांचा मुलगा जोआकिम. एकाने स्वर उच्चारावा, दुसऱ्याने तो ऐकून घ्यावा आणि मगच उत्तर द्यावे, असे ते वादन चालले. 1993 मध्ये ते प्रकाशित झाले. 1994 मध्ये त्यास ग्रॅमी पारितोषिक लाभले.

एके काळी जेथे भावी धर्मगुरूंनी प्रार्थना केली, त्या भिंतींनी जयपूरच्या वादकाचे सूर तितक्याच आपुलकीने परत पाठविले. मेक्सिकोची गिटार हवाईत गेली, हवाईची कलकत्त्यात आली आणि भारतीय होऊन पुन्हा सागर ओलांडून गेली. वाटेत ती कोणाची नव्हती? ज्याने तिच्यापाशी बसून मन लावून ऐकले, त्याची ती झाली. आपल्या उपासनेत कोणते वाद्य शोभते, याचा विचार करताना एवढे ध्यानी ठेवले, तर तो वाद बराच निवळेल, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.