धाव : मोटेची आणि इंजिनाची

शिर्डीचा परिसर पर्जन्यछायेतला. गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांनी या भागात ऊस आणला. कालव्याचे पाणी जिथे पोचले नाही, तिथे शेतीची भिस्त विहिरीवरच राहिली. विसाव्या शतकात अशा विहिरींवरची मोट हळूहळू गेली आणि ऑइल इंजिन आले. मोटेबरोबर तिच्यावरची गाणीही गेली, ही हळहळ लोकसाहित्याचे आपण सारेच अभ्यासक व्यक्त करतो. मोटेची जागा घेणाऱ्या यंत्राकडे मात्र आपण क्वचितच पाहतो.

मोटेचे बैल ज्या उतरत्या वाटेने चालत, तिला 'धाव' म्हणत. बैल धावेवरून उतरले की भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई; ते मागे आले की मोट पुन्हा पाण्यात जाई. इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, त्यालाही मराठी शास्त्रीय परिभाषेत 'धाव' असाच शब्द आहे. चारधावी डिझेल इंजिनात पहिल्या धावेत हवा आत येते. दुसरीत ती सुमारे १६ ते २० पट दाबली जाऊन इतकी तापते, की फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेटते. तिसरीत तप्त वायू दट्ट्याला ढकलतो, चौथीत धूर बाहेर पडतो. चारांपैकी एकच धाव शक्ती देते. उरलेल्या तीन जड चाकात साठलेल्या गतीवर निभतात. मोटेतही बैलांच्या दोन फेऱ्यांपैकी एकच पाणी देई.

निकोलाउस ओटो यांचे चारधावी इंजिन १८७६ चे, रुडोल्फ डिझेल यांचे यशस्वी इंजिन १८९७ चे. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ साली झाली. याच किर्लोस्करांच्या उद्योगातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. वाङ्मयेतिहासात आपण मासिक शिकवतो आणि इंजिन वगळतो. आमच्या मते ही उणीव आहे. कारण मराठी वाचक आणि मराठी शेत या दोहोंना आधुनिक करण्याची ती एकाच घरातली खटपट होती.

मोटेवरचे गाणे बैलांच्या चालीला आणि माणसाच्या शिणाला सोबत होते. इंजिनाने गाणे नेले, तसा तो शीणही नेला. हळहळताना एवढे तरी नोंदवायला हवे.

पुढे विजेची मोटर आली. तिला धाव नाही. ती नुसती फिरते.